पडत्या काळातली पशुवैद्यकी : सारोळे आणि नीरेचा काठ

सारोळे हे भोर तालुक्याच्या पूर्व अंगाला, नीरा नदीच्या उत्तर काठावर वसलेले गाव. पुणे-सातारा महामार्ग इथून पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात उतरतो आणि पाठोपाठ शिरवळ येते. पश्चिमेला भोर-वेल्ह्याचा डोंगराळ, पावसाचा, भाताचा मुलूख. पूर्वेला नीरेच्या कालव्यांवरचा उसाचा पट्टा. दोन्हीकडची जनावरे वेगळी, आजार वेगळे, आणि मालकाच्या हातात पैसा येण्याचे दिवसही वेगळे. गुरांच्या डॉक्टरकीचा इतिहास या टापूच्या आजूबाजूला दाटीने सापडतो, आणि त्यात चांगल्या सालांपेक्षा वाईट सालांनीच जास्त उलथापालथ केलेली दिसते. दुष्काळ, साथ, मंदी, दुधाच्या दराची घसरण, या सगळ्यांतून हा व्यवसाय तगला. मात्र बहुतेक वेळा त्याचे मुख्य जनावर बदलले, नाहीतर खर्च उचलणारा बदलला.

सुरुवात घोड्यापासून झाली. शिवकालीन पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे, असे सभासद बखर सांगते. नाल ठोकणारा माणूस खुराचे दुखणे ओळखे, आणि शालिहोत्राच्या परंपरेतले सालुत्री घोड्याचे औषधपाणी करीत. खर्च पागेचा, म्हणजे सरकारचा. इंग्रजी अमलातही हेच सूत्र चालू राहिले. १८६२ मध्ये पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. देशातल्या अशा पहिल्या शाळांत तिची गणना होते. तिचे लक्ष तोफखान्याच्या आणि रिसाल्याच्या घोड्यांवर होते. लष्कराचे अंदाजपत्रक पावसावर अवलंबून नसल्याने घोड्याच्या डॉक्टरला मंदी फारशी ठाऊक नव्हती. शेतकऱ्याचा बैल मात्र या व्यवस्थेच्या पूर्ण बाहेर होता. त्याच्यासाठी होते ते घरचे उपाय: तापलेल्या विळ्याने डागणे, बिब्बा घालणे, लाळ-खुरकुतात जनावराला चिखलातून चालवणे, आणि गोऱ्हा खच्ची करायचा झाला तर ठेचणे. हे उपाय सगळेच निरुपयोगी नव्हते, पण साथीच्या रोगापुढे त्यांचा काही इलाज चालत नसे.

साथींत सर्वांत भयंकर बुळकांडी. जनावराला ताप, तोंडात फोड, डोळ्यांतून घाण आणि मग पाण्यासारखी हगवण. काही दिवसांत गोठाच्या गोठा रिकामा. सरकारने जे. एच. बी. हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गुरांच्या साथींविषयीच्या आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये आला. त्यानंतरची दहा वर्षे दख्खनच्या शेतकऱ्याला फार जड गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वधारलेला कापूस युद्ध संपताच आधीच कोसळला होता, सावकारी कर्ज डोक्यावर राहिले, आणि १८७५ च्या मे महिन्यात सुप्यापासून दंगे पेटले. त्याला दीड वर्ष होते न होते तोच १८७६-७८ चा दुष्काळ पडला. चाऱ्यावाचून जनावरे मेली, आणि पुढच्या पेरणीला बैल उरला नाही. मोठा दुष्काळ संपला तरी शेतकऱ्याची मंदी संपत नाही ती याच कारणाने: पाऊस परत येतो, बैलजोडी परत येत नाही.

या अनुभवातून निघालेले काही कायदे पशुवैद्यकीच्या इतिहासात सहसा मोजले जात नाहीत, पण ते मोजायला हवेत. दिवाणी दाव्यातल्या जप्तीतून शेतकऱ्याची औते आणि उपजीविकेला लागणारी गुरे वगळली गेली. १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्याने बी-बियाणे आणि बैल घेण्यासाठी तगाई मिळू लागली. म्हणजे बैल हा चैनीचा माल नसून उत्पन्नाचे साधन आहे, हे सरकारी कागदावर आले. एकदा हे मान्य झाले की तो जगवण्यावर सरकारने खर्च करणे ओघानेच आले. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली आणि आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. बुळकांडीवर काम करायचे तर रोगट जनावरे आणि जंतू वस्तीपासून दूर हवेत, म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली गेली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. मधल्या काळात, २० मे १८९२ रोजी, मुंबई इलाख्यात मुलकी पशुवैद्यक खाते स्थापन झाले. महाराष्ट्राचे पशुसंवर्धन खाते आपला वर्धापनदिन आजही त्याच तारखेला पाळते.

सरकार या कामात उतरले ते दयेपोटी, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. शेतसारा बैलाच्या खांद्यावरून येत होता. शिवाय साथीचा रोग असा असतो की एका गोठ्याने पैसे देऊन तो थांबत नाही. शेजारच्याने टाळाटाळ केली तर पैसे देणाऱ्याचेही जनावर जाते. त्यामुळे लसीचा खर्च वैयक्तिक फीमधून कधीच निघाला नसता. पडत्या काळात तर नाहीच. साथीची लस सार्वजनिक पैशातून आणि आजारी जनावराचा उपचार मालकाच्या पैशातून, ही विभागणी तेव्हापासूनची. पुढे आलेल्या प्रत्येक मंदीत तिचा उपयोग झाला.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत या विभागणीची पहिली मोठी परीक्षा झाली. शेतमालाचे भाव तीन-चार वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. सारा आणि कर्जाचे हप्ते मात्र होते तेवढेच राहिले. बैलावर उपचाराचा खर्च करण्याची ऐपत शेतकऱ्यात उरली नाही, आणि सरकारलाही काटकसर करावी लागली. तोवर बुळकांडीसाठी रक्तजल आणि विषाणू एकत्र टोचण्याची पद्धत होती. ती परिणामकारक होती, पण रक्तजल तयार करायला जनावरे पाळावी लागत, आणि दर डोईचा खर्च भारी पडे. मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२० च्या दशकात बुळकांडीचा विषाणू शेळ्यांतून वारंवार पुढे नेऊन सौम्य केला. शेळीच्या ऊतीपासून बनवलेली ही लस एकदा टोचली की पुरे, आणि स्वस्त. हात आखडता घेण्याच्या दिवसांतच तिचा प्रसार झाला. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो याच लसीच्या जोरावर. देशातला शेवटचा उद्रेक १९९५ चा. २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. आज सारोळ्याच्या आसपासच्या तरुण पशुपालकाला हा रोग नावानेही माहीत नसतो. एका पूर्ण पिढीच्या दारिद्र्याचे कारण असे विस्मरणात जावे, यासारखे यश दुसरे नाही.

इंग्रजी अमलात भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. ब्रिटिश सातारा जिल्ह्यातले शिरवळ आणि संस्थानी भोर यांच्यात अंतर थोडे, कारभार मात्र दोन. वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण झाले, १९२८ मध्ये लॉइड धरण म्हणून ते मोठे झाले, आणि त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांतून खाली बारामती-फलटणकडे गेले. धरणाचा भार भोरने सोसला. ऊस आणि त्याबरोबर येणारा वाढ्यांचा हिरवा चारा खालच्या अंगाला पिकला. पुढे संकरित गाय आली तेव्हा ती कुठे लवकर रुजली आणि कुठे उशिरा, याचे उत्तर बरेचसे या कालव्यांच्या नकाशात आहे. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि भोर पुणे जिल्ह्याचा तालुका झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, आणि ग्रामीण भागातले बहुतेक पशुवैद्यकीय दवाखाने त्यांच्या अखत्यारीत गेले: श्रेणी एकच्या दवाखान्यात पदवीधर डॉक्टर, श्रेणी दोनच्या दवाखान्यात पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक. दवाखान्याची खूण म्हणजे अंगणातला लोखंडी पाइपांचा खोडा. त्यात जनावर अडकवले की नाडी, ताप, गर्भतपासणी, सगळे तिथेच. ठेचण्याच्या जागी बर्डिझोचा चिमटा आला, आणि लोक गोऱ्हे खुशीने आणू लागले, कारण त्यात रक्त सांडत नाही आणि जखम चिघळत नाही.

१९७२ च्या दुष्काळाने या सगळ्याची दिशा बदलली. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागांत जनावरे छावण्यांत गेली किंवा कवडीमोलाने विकली गेली. त्या सालानंतर कोरडवाहू शेतकऱ्याने गणित नव्याने मांडले. पिकाचा पैसा वर्षातून एकदा, तोही पावसाच्या मर्जीने. दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी. कात्रजचा जिल्हा सहकारी दूध संघ १९६० पासून होता, १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली, आणि मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने गोठवलेले विदेशी वीर्य मोटारसायकलवरून गोठ्यापर्यंत पोचवण्याची पद्धत बसवली. गाय दवाखान्यात न्यायची नाही, रेतन करणारा दारात येणार, ही त्यातली खरी क्रांती. माजावर आलेली गाय चार-पाच किलोमीटर चालवत न्यायची म्हणजे एका माणसाची दिवसाची मजुरी बुडते. टंचाईच्या दिवसांत ती मजुरी बुडवायला कोणी तयार नसतो. बैलाच्या जागी दुभती गाय आली आणि पशुवैद्यकाच्या गिऱ्हाइकाला प्रथमच नियमित रोख उत्पन्न मिळू लागले.

या व्यवसायाला मंदी कमी का जाणवते, हे दोन कामांवरून नीट कळते. पहिले कृत्रिम रेतन. वीर्याच्या कांड्या उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नत्रात ठेवलेल्या असतात. कांडी काढून सुमारे ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसून गनमध्ये भरायची आणि लगेच वापरायची. गाईचा माज अर्धा ते पाऊण दिवस टिकतो. तो चुकला तर पुढचा माज एकवीस दिवसांनी. म्हणजे एक माज वाया गेला की पुढचे वेत तीन आठवडे लांबते, आणि तेवढे दिवस भाकड गाईला फुकट पोसावे लागते. दुधाचा भाव पडला म्हणून हा खर्च टाळणारा शेतकरी पुढच्या वर्षी दुप्पट गमावतो, आणि हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. फार तर तो महागडी, कालवडच जन्मण्याची जास्त खात्री देणारी कांडी सोडून साधी कांडी भरवतो.

दुसरे काम दुग्धज्वराचे. चांगली दुधाची संकरित गाय व्याली की एक-दोन दिवसांत रक्तातले कॅल्शियम एकदम उतरते. नाव ज्वर, पण अंग उलट थंड पडते. गाय आधी लडखडते, मग बसते, मान बरगडीकडे वळवून पडून राहते. कान गार, नाकपुडी कोरडी, रवंथ बंद. काही तासांत उपचार न मिळाले तर ती जाते. डॉक्टर मानेच्या शिरेत सुई घालून कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली चढवतो, तीही सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत. कॅल्शियम भरकन गेले तर हृदयच थांबते. बाटली संपत येते तशी गाय थरथरते, ढेकर देते, शेण टाकते, आणि पुष्कळदा तासाभरात उठून उभी राहते. औषधाचा खर्च काहीशे रुपयांचा, गाय हजारोंची. मंदी कितीही असो, या फोनला शेतकरी उशीर करत नाही. वार अडकणे, अंग बाहेर येणे, पोटफुगी, आडवे आलेले वासरू, ही सगळी याच जातीची कामे. मंदीत मागे पडतात ती रक्ततपासणी, दगडीची (कासेच्या सुजेची) आगाऊ चाचणी, खनिज मिश्रण, जंतनाशकाचा दुसरा डोस. मग त्यांच्या अभावी काही महिन्यांनी आजार वाढतात आणि डॉक्टरची फेरी पुन्हा होतेच. खेड्यातल्या पशुवैद्यकाचे उत्पन्न मंदीत घटते ते असे कडेकडेने. गाभा शाबूत राहतो.

तरीही पैसा हातात येतो असे नाही. खाजगी डॉक्टरची व्हिजिट वहीत लिहिली जाते आणि दुधाचे बिल झाले की चुकती होते. काही ठिकाणी डेअरीच बिलातून कपात करून देते. त्यामुळे दुधाचे बिल अडले की डॉक्टरही अडतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी झाली, आणि दुधाचे पैसे मुख्यतः त्याच बँकांतून येणाऱ्या गावांत उधारीची पाने भराभर भरली. औषधाच्या घाऊक दुकानाला मात्र रोख लागते. दोन्ही बाजूंच्या कात्रीत सापडणारा हा छोटा व्यावसायिक तगतो तो गावातल्या ओळखीवर आणि आपल्या कमी खर्चावर: दवाखान्याचे भाडे नाही, नोकर नाही, मोटारसायकल आणि पेटी एवढेच भांडवल. आर्थिक पाहण्यांत या धंद्याची नोंद क्वचितच होते, कारण त्याचा बराचसा हिशेब उधारीच्या वहीतच राहतो.

१९९० नंतर हा खाजगी थर वाढला. एकीकडे उदारीकरणाने खाजगी डेअऱ्यांना वाट मोकळी झाली, दुसरीकडे सरकारी तिजोरीवर ताण आल्याने भरती मंदावली आणि दवाखान्यांतली पदे रिकामी राहू लागली. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने पूर्ण व्यवसायाचा हक्क नोंदणीकृत पदवीधरांना दिला, आणि किरकोळ सेवांपुरती पदविकाधारकांना त्यांच्या देखरेखीखाली मुभा ठेवली. या सीमारेषेवरून दोघांत अधूनमधून वाद झडतात. शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय आधी राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे होते, आता ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे आहे. त्याचा या टापूला दुहेरी लाभ झाला: अवघड शस्त्रक्रियेसाठी पुण्या-मुंबईला जावे लागत नाही, आणि विद्यार्थ्यांना सरावासाठी गोठे लागतातच.

सगळी पशुवैद्यकी सारखी चिवट नाही, हे कुक्कुटपालनावरून दिसते. पुण्यात १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली आणि पुणे जिल्हा कोंबडीचा मोठा बाजार झाला. इथला पशुवैद्यक बहुधा कंपनीचा पगारदार. तो एकेका कोंबडीचा इलाज न करता हजारोंच्या कळपाचे आरोग्य सांभाळतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि २०२० च्या सुरुवातीला कोंबडीतून करोना होतो अशी अफवा उठली, तेव्हा दोन्ही वेळा बाजार काही दिवसांत झोपला. कोंबडीचा एक घाणा बाजारात गेला नाही तर पुढचा घेतलाच जात नाही, आणि त्याबरोबर डॉक्टरचे कामही थांबते. गाय अशी बंद ठेवता येत नाही. भाव असो वा नसो, सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत हेच घडले. हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद झाल्याने दुधाची मागणी एकदम खाली आली. राज्य सरकारने रोज दहा लाख लिटरपर्यंत दूध लिटरला २५ रुपये दराने घेऊन भुकटी करण्याची योजना आखली. पशुवैद्यकीय दवाखाने आणि औषधविक्री अत्यावश्यक सेवेत धरली गेल्याने गोठ्यापर्यंत जाणे चालू राहिले. शहरात मात्र वेगळाच बदल झाला: घरात अडकलेल्या माणसांनी कुत्री-मांजरे पाळली, आणि पुण्यातल्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांना नवे गिऱ्हाईक मिळाले. त्याचा ओघ महामार्गाने दक्षिणेकडे फार्महाउसांपर्यंत आला.

जनावराची किंमत बाजार जशी ठरवतो तशी कायदाही ठरवतो. मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही, आणि त्याच्यावर खर्च करणे अनेकांना परवडेना. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना पुन्हा परवानगी मिळाली, आणि शर्यतीच्या बैलाची किंमत एकदम चढली. अशा बैलाला शर्यतीआधी पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. शंभर-सव्वाशे वर्षे शेतीचा भार वाहिल्यावर बैल पशुवैद्यकाकडे पुन्हा आला तो खेळाडू म्हणून, ही गंमतच म्हणायची.

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पी त्वचारोगाची साथ पसरली. गुरांचे बाजार बंद झाले, आणि बाजार बंद म्हणजे अडीनडीला जनावर विकून पैसा उभा करण्याची वाटही बंद. राज्याने सर्व गोवंशाला शेळ्यांच्या देवीवरची लस मोफत टोचण्याचे ठरवले. त्या मोहिमेत सरकारी डॉक्टर, खाजगी डॉक्टर आणि पशुवैद्यक महाविद्यालयांचे आंतरवासिता करणारे विद्यार्थी सगळेच उतरले. मेलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये भरपाई ठरली. तिच्यासाठी पंचनामा लागे, आणि पंचनाम्याला पशुवैद्यकाची सही.

२०२३ च्या उत्तरार्धात गाईच्या दुधाचा भाव पुन्हा पडला. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर केले आणि अट घातली की गाईच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला हवा, आणि तिची नोंद ‘भारत पशुधन’ प्रणालीत हवी. बिल्ला मारणारे आणि नोंद करणारे पशुवैद्यक खात्याचे लोक. त्यामुळे दर कोसळलेल्या त्या महिन्यांत दवाखान्यांकडे पशुपालकांची गर्दी झाली. ज्यांनी लाळ-खुरकुताच्या लसीच्या वेळी बिल्ला टाळला होता, तेही कालवडी-गाई घेऊन रांगेत आले. अनुदानाची मुदत पुढे वाढली, जुलैपासून अटी थोड्या बदलल्या, ऑक्टोबरपासून ते सात रुपये झाले. बिल्ल्याची अट कायम राहिली.